दांडीची गाठ

त्या दिवशी काहीही घडलं नाही. पुढे घरात जेव्हा जेव्हा आईच्या शेवटच्या दिवसाचा विषय निघाला, तेव्हा प्रत्येकाला काही ना काही आठवायचं. मामाला म्हणे सकाळपासून चैन पडत नव्हतं. मावशीच्या हातून सुई मोडली होती. लेक मात्र गप्प राहायची. तिला पक्कं आठवत होतं की तो एक साधा, उन्हाचा दिवस होता आणि बऱ्याच आठवड्यांनी आईला भूक लागली होती.

पडद्यांचा कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली. एका बाजूला ओळीनं खिडक्या, दुसऱ्या बाजूला कापडाच्या गुंडाळ्या आणि मधे कापायचं टेबल, होडी उलटी घालून ठेवावी तसं. नदीकाठच्या विश्रामगृहाचं मोठं काम हातात होतं. दिवाणखान्याच्या सगळ्या खिडक्यांना जमिनीपर्यंत पोचणारे पांढरे तलम पडदे. ते कापड इतकं हलकं होतं की टेबलावर पसरलं तरी लगेच खाली बसायचं नाही. पोटात हवा धरून ते तरंगत राहायचं, आणि कुणी वरून तळहात फिरवला की मगच हळूच निजायचं.

आई खुर्चीत बसली होती. डोक्याला रुमाल, डावा हात उशीवर ठेवलेला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि तिनं फक्त सांभाळायला घेतलाय. उजव्या हातानं ती तळपट्टीला टाचण्या लावत होती.

"वाचकबाई, पुस्तक मिटा आणि हे टोक धरा," ती म्हणाली.

लेक शहरातल्या ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करायची. पडदेवाल्यांच्या घरात जन्माला येऊन शिडीवर पाय न ठेवणारी ती एकटीच, म्हणून तिला हे नाव पडलं होतं. तिनं पुस्तक मिटलं आणि टोक धरलं.

"असं नाही. चिमटीत धर, मूठ नको. कापड आहे, चोर नाही."

"ताई, तिला कशाला शिकवतेस?" शिवणयंत्रावरून मावशी म्हणाली. ती आईची धाकटी बहीण. तिचा पाय चालू असला की तोंडही चालू असायचं. "ती टोक धरील आणि पाठीमागे काय लिहिलंय ते वाचत बसेल."

"मग वाचून दाखव म्हणावं," मामा म्हणाला. तो दोघींचा भाऊ. कोपऱ्यात दांड्या पुसत होता. "निदान कुणीतरी या घरात मला काहीतरी वाचून दाखवेल. मी आपला जन्मभर शिडी धरून वर बघतोय. मला तुम्हा सगळ्यांच्या टाचा तेवढ्या ओळखू येतात."

आई हसली. हसताना तिनं उजवा हात नकळत डाव्या काखेशी नेला आणि तिथेच ठेवला.

या घराची रीतच तशी होती. बायका वर चढायच्या, पुरुष शिडी धरायचे. आजीनं धंदा सुरू केला त्या काळी लोक परक्या पुरुषाला झोपायच्या खोलीत घेत नसत. म्हणून आजी चढली, मग तिच्या मुली चढल्या, मग सून चढली. दांडी दोन्ही हातांनी डोक्यावर तोलायची, कड्या ओवायच्या, चुण्या सारख्या करायच्या. दिवसाचे दिवस हात वर. आणि कधीतरी, बहुतेक पहिल्या बाळंतपणात, काखेत एक मऊ गाठ वर यायची. लिंबाएवढी, कुणाची त्याहून मोठी. महिन्यातले काही दिवस फुगायची, दुखायची, मग पुन्हा नरम पडायची. हात वर करून करून स्नायू असा साठतो, असं आजी सांगायची. घरात तिला दांडीची गाठ म्हणत. ती आजारात मोजली जात नसे. ज्या मुलीला आली तिला आजी जवळ बोलावून हातानं चाचपून बघायची आणि म्हणायची, "आता झालीस तू पक्की." त्या दिवसापासून त्या मुलीला गिऱ्हाइकाच्या घरी एकटीनं पाठवत.

आईची गाठ मागच्या वर्षी कडक झाली. तेव्हा नाट्यगृहाचे मखमली पडदे चालू होते. प्रत्येक पडद्याचं वजन एका माणसाएवढं. आईनं शेक घेतला, तेल चोळलं, उशी घेऊन झोपली आणि काम संपेपर्यंत सगळं अंगावर काढलं. काम संपलं तेव्हा तिचा हात खांद्याच्या वर जात नव्हता आणि गाठीवरची कातडी आत ओढल्यासारखी झाली होती.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना एकत्र बसवून समजावलं होतं. लेकीला तो सगळा प्रसंग जसाच्या तसा आठवायचा: खोलीतल्या घड्याळाचा मोठा काटा, मामाच्या मांडीवरची टोपी आणि त्या बाईंचा सावकाश आवाज. ही गाठ कामानं झालेली नाही, त्या म्हणाल्या. ती जन्माच्या आधीपासूनची आहे. बाळ पोटात घडत असतं तेव्हा काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही अंगांना एक रेघ उमटते. दुधाची रेघ म्हणा हवं तर. पुढे ती विरून जाते, छातीवर तेवढी राहते. काही जणींच्या काखेत तिचा एखादा तुकडा मागे राहून जातो. बहुतेकींना त्याचा जन्मभर काही त्रास होत नाही. पण तो तुकडा छातीच्याच जातीचा. महिन्याला फुगतो, बाळंतपणात भरतो. आणि छातीला जे जे होऊ शकतं ते ते त्यालाही होतं. पाण्याच्या गाठी होतात, साध्या गाठी होतात, पू धरतो. क्वचित कॅन्सरही होतो. छाती तपासतात तेव्हा तिथवर कुणाचा हात जात नाही, म्हणून तो उशिरा सापडतो.

सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. घरी परतताना मावशी म्हणाली, "म्हणजे बघ, कामाची गाठ होती, त्यात हे शिरलं." आणि घरानं तेवढंच धरून ठेवलं.

"मला भाजलेला बटाटा हवाय," आई एकदम म्हणाली. "मीठ लावून. गरम."

सगळं थांबलं. मावशीचं यंत्र थांबलं. मामा उठून उभाच राहिला.

"बटाटा मागितलाय, पाहुणे आल्यासारखं काय बघताय?"

मामा बटाटा आणायला गेला. मावशी मीठ शोधायला आत गेली, आणि खोलीत आई आणि लेक दोघीच उरल्या. खिडक्यांतून ऊन आडवं येत होतं. पांढरं कापड दोघींच्या मधे पसरलेलं. पलीकडची आई त्याच्या उजेडात पाण्याखालून दिसावी तशी दिसत होती.

"एक सांगू?" आई म्हणाली. "तू हे काम करणार नाही म्हणालीस तेव्हा मी तुझ्याशी किती दिवस बोलले नव्हते, आठवतं?"

"आठवतं."

"आता वाटतं, बरं झालं. शिडीवर चढली नाहीस. निदान तू तरी सुटलीस यातून." तिनं एक टाचणी लावली, हातानं दाबली. "रात्री झोप नाही आली ना, की मी एवढंच घोकते. माझी पोर सुटली. मग झोप लागते मला."

लेकीनं कापडाचं टोक चिमटीत घट्ट धरलं.

गाठ तिलाही होती, दोन्ही काखांत. शाळेत असल्यापासून. डावीकडची जरा मोठी, उजवीकडची बोटानं शोधावी लागे अशी. ज्या वर्षी घरात भांडून, रडून, पडद्यांचं काम करणार नाही असं तिनं ठणकावून सांगितलं, नेमक्या त्याच वर्षी आल्या. कुणाला सांगणार? घरानं हसून हसून पुरेवाट केली असती. बघा, पोरगी नाही म्हणते आणि अंग हो म्हणतंय. न लढलेल्या लढाईचं पदक छातीवर मिरवावं तसं तिला ते वाटायचं. म्हणून तिनं सैल बाह्या घातल्या आणि गप्प राहिली. पुढे तिला गप्प राहायची इतकी सवय झाली की आपण काही लपवतोय हेसुद्धा तिच्या ध्यानात नसायचं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकलं त्या दिवशी मात्र दोन्ही काखांत कुणी बर्फाचा खडा ठेवल्यासारखं झालं. आणि आता आईची झोप त्या गप्प राहण्यावर टेकलेली.

"आई," ती म्हणाली.

"हं?"

मामा बटाटा घेऊन आला. तो या हातातून त्या हातात उडवत होता आणि "पोळलो, पोळलो" म्हणत होता. आईनं सगळा खाल्ला. सालासकट. मग तिथेच खुर्चीत तिचा डोळा लागला.

पहाटे ती गेली. रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या आजारात तसं होतं. फार वेळ लागला नसणार. लेक शेजारच्याच खोलीत झोपली होती आणि तिला काहीही ऐकू आलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस तिला त्या पांढऱ्या कापडाच्या आत काढल्यासारखे आठवतात. माणसं येत होती, बोलत होती, त्यांचे आकार दिसायचे, चेहरे नीट दिसायचे नाहीत. कुणी तिच्या हातात कप द्यायचं, थोड्या वेळानं तो कुणी गार झालेला परत न्यायचं. एकदा ती आईच्या खुर्चीत जाऊन बसली आणि उठली तेव्हा बाहेर संध्याकाळ होती. मधला दिवस कुठे गेला ते तिला कळलं नाही. तिला आठवत होतं ते एवढंच, की त्या वेळात आई टेबलापलीकडे उभी राहून कापडावरून तळहात फिरवत होती, आणि कापड काही केल्या खाली बसत नव्हतं.

मग विश्रामगृहाच्या मालकांचा निरोप आला. दुःखात आहात, सवडीनं करा, पण खिडक्या उघड्या आहेत.

"ताईनं काम अर्धं टाकलं नसतं," मावशी म्हणाली. आणि एका सकाळी सगळे निघाले. मावशी, मामा, मामी आणि मावशीची मुलगी चिमणी, तिच्या तान्ह्या बाळाला टोपलीत घेऊन. लेकीला कुणी बोलावलं नव्हतं आणि नको असंही म्हटलं नव्हतं. ती गाडीत मागे पडद्यांच्या गठ्ठ्यांना टेकून बसली. ते गठ्ठे आईनं घडी घातलेले होते.

नदीवर धुकं होतं. दिवाणखाना म्हणजे नुसत्या खिडक्या, एकीला लागून एक, आणि प्रत्येकीत तेच पांढरं, काठ नसलेलं पाणी. बोललेला शब्द भिंतीपर्यंत जाऊन सावकाश परत यायचा. कामाला सुरुवात झाली आणि हळूहळू सगळ्यांचे हात आपापल्या जागी लागले. मामी एका शिडीवर, मावशी दुसऱ्या. मामानं मावशीची शिडी धरली. चिमणीनं बाळाची टोपली खिडकीखाली ठेवली आणि कड्या ओवायला बसली. लेक पडदे उलगडून हातात देत होती. एकेक पडदा वर चढायचा, दांडीवर पसरायचा आणि धुक्याचा एक तुकडा खोलीत आल्यासारखा लोंबायला लागायचा.

"वाचकबाईंना जमतंय की," मामी वरून म्हणाली.

"जमणारच. धरायचं तर आहे," मामा म्हणाला. "धरण्यात माझी उमर गेली. ये, आमच्या पंथात ये."

बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं. त्याच वेळी लेकीनं वर पाहिलं.

मावशी दांडी खाचेत बसवत होती. उजवा हात पुरता वर होता. डावा खांद्यापर्यंत गेला आणि अडला. मावशीनं ओठ दाबून पुन्हा जोर केला. हात तसूभरही वर गेला नाही. मग तिनं सराईतपणे दांडीचं टोक हनुवटीखाली धरलं, उजवा हात पलीकडे नेला आणि एकाच हातानं काम उरकलं. ही युक्ती तिनं आज शोधलेली नव्हती.

आईचा हात याच उंचीवर अडायचा.

"मावशी, खाली ये," लेक म्हणाली.

"का? वाकडा लागलाय?"

"पडदा ठीक आहे. तुझा डावा हात का जात नाही वर?"

"जातो की."

"करून दाखव."

मावशीनं तिच्याकडे पाहिलं, मग मामाकडे. "बघ रे, हिनं आता मला परीक्षेला बसवलंय."

"दमलीय गं ती," मामा म्हणाला. "गेले किती दिवस धड झोपलीय का कुणी?"

"दमलेला हात दुखतो, असा अडत नाही," मामी पलीकडच्या शिडीवरून म्हणाली. तिनं हातातली कडी खाली ठेवली होती. "मी केव्हापासून बघतेय. त्या दिवशी केस विंचरतानाही मान वाकडी करून विंचरत होत्या."

"तू माझे केस बघतेस?"

"तुमच्यासारखी डोळे मिटून राहत नाही."

"आई," चिमणी बसल्या जागेवरून म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. "कडक झालीय का?"

मावशी वळली नाही. शिडीवरच पाठमोरी उभी राहिली. तिच्या पुढ्यात नुकताच लावलेला पडदा वाऱ्यानं आत आला, तिच्या तोंडावरून फिरला आणि परत गेला.

"थोडीशी," ती शेवटी म्हणाली. "त्यात काय? कामाचं अंग आहे. ताईनं विश्रांती घेतली नाही, म्हणून तिचं बिघडलं. मी घेणार आहे. हे एवढं संपलं की मी हात खाली ठेवणार. दांडीला शिवणार नाही. झालं समाधान?"

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते आपण सगळ्यांनी ऐकलंय," लेक म्हणाली. "कामाचा काही संबंध नाही."

"त्या बाईनं कधी दांडी उचललीय? आपल्या घरातल्या बायकांच्या काखा तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक?"

"त्यांनी सांगितलं ते खोटं का निघालं नाही मग?"

"एवढं सगळं कळत होतं तर ताईला का नाही वाचवलं?" मावशीचा आवाज चिरकला आणि खोलीभर फिरून आला. टोपलीत बाळ चाळवलं. ती आवाज खाली आणून म्हणाली, "तिला कापली, औषधं घातली, केस गेले, नखं काळी पडली. आणि गेलीच ना? मला नाही जायचं तिथं. मला काही माहीत नसलेलं बरं."

मामानं शिडी आणखी घट्ट धरली. "नको ना आत्ता," तो लेकीला म्हणाला. "एक गेली, तिचं अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. तिला घाबरवू नकोस."

"मला कुणी सांगेल का," मामी म्हणाली, "की मला का नाही आली?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"मी लग्न होऊन आले तेव्हापासून चढतेय. या दोघींच्या बरोबरीनं. नाट्यगृहाची मखमल ताईंनी एका टोकाला धरली, दुसऱ्या टोकाला कोण होतं? मला का नाही आली गाठ?"

"तू हात चोरतेस," मामा सवयीनं म्हणाला. घरातली ही जुनी थट्टा होती. आजीनं सुरू केलेली, आईनंही कितीदा केलेली. आज मात्र कुणीच हसलं नाही, आणि मामाला स्वतःलाच ते ऐकून कसंसं झालं.

"तुमच्या आई म्हणायच्या, ताई म्हणायच्या, तुम्हीही म्हणालात. मी ऐकून घेतलं. परघरची, म्हणून पक्की नाही. बरं. पण आता ताई गेल्या. आता तरी डोकं चालवा. मला नाही आली, कारण मी तुमच्या रक्तातली नाही. एवढंच आहे ते."

"तू आमच्या आईला खोटं पाडतेयस," मामा म्हणाला, पण त्याच्या बोलण्यात जोर नव्हता.

"खोट्या नव्हत्या हो त्या. त्यांना ठाऊक नव्हतं."

चिमणीनं ओवलेल्या कड्यांचा ढीग मांडीवरून बाजूला सारला. "मामी बरोबर बोलतेय, आई," ती म्हणाली. "मला इथं ओलं होतं." तिनं काखेशी हात नेला. "बाळ झाल्यापासून. बाळ रडलं की होतं. मला वाटलं घाम. मोठ्या मावशीला दाखवलं तेव्हा तीही म्हणाली, घाम असेल. मग तिनं बोट लावून वास घेतला. आणि नुसती बसून राहिली. मला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही."

लेकीला हे ठाऊक नव्हतं. ते दूध आहे, हे आईला कळलं होतं तर. मागच्या खिडकीतल्या नुसत्या पांढऱ्या उजेडाकडे ती बघत राहिली. आईला कळलं होतं, आणि तरीही रात्री झोप यावी म्हणून ती तेच घोकत होती, माझी पोर सुटली. जे ठाऊक झालं त्याच्या उलट काहीतरी घट्ट धरून.

"हे बघा," मावशी म्हणाली. ती आता शिडीवर वळून बसली होती, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर, पडद्याच्या घोळात. गप्प बसवायला एक पक्का मुद्दा हाती लागावा तसा तिचा चेहरा उजळला. "रक्तातलं म्हणता ना? ठीक. मग हिचं काय?" तिनं बोट लेकीकडे केलं. "ताईची सख्खी मुलगी. ताईचं नाक, ताईची हनुवटी, ताईचा हट्ट. रक्तातलं असतं तर पहिली हिला आली असती. हिला आहे का? नाही. का नाही? कारण ही बाई जन्मात शिडीवर चढली नाही. ताई मला स्वतः म्हणाली होती, माझी पोर सुटली, तिनं हे काम केलं नाही म्हणून. आता बोला."

मामानं मान हलवली. "हे मात्र खरं."

मामीनं खाली ठेवलेली कडी पुन्हा हातात घेतली. चिमणीनं मावशीकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी यायला लागलं. लेकीला ते दिसत होतं. सगळं घर पुन्हा त्या जुन्या, उबदार, चुकीच्या समजुतीत जाऊन बसत होतं, आणि तिचं न बोलणं त्या समजुतीचा शेवटचा टेकू होतं. मावशी वळली. हनुवटीखाली दांडी धरण्यासाठी तिनं मान वाकडी केली.

धुकं खिडकीच्या अगदी काठाशी आलं होतं. लेकीला वाटलं, आत्ता आपण गप्प राहिलो तर हा दिवसही त्याच्यात विरून जाईल, त्या बटाट्याच्या दिवसासारखा, आणि पुढे सगळे म्हणतील की तो साधाच दिवस होता. तिच्या हातात एक पडदा होता. तिनं तो खाली ठेवला. आपण कुठे चाललोय हे पायांना आधी कळलं. ती मावशीच्या शिडीपाशी गेली, मामाच्या शेजारी उभी राहिली आणि वर बघून म्हणाली,

"मलाही आहे."

मामाचा हात शिडीवरून सुटला आणि पुन्हा घट्ट झाला.

"काय आहे?" मावशीनं विचारलं. तिला कळलं नव्हतं असं नाही.

"गाठ. दोन्ही काखांत. शाळेत होते तेव्हापासून. मी एक पडदा टांगला नाही कधी, एक दांडी उचलली नाही, मूलही झालं नाही मला. तरी आहे."

मामी शिडीवरून उतरली तेवढा आवाज झाला. मावशीनं दांडी मोकळी सोडली. पडदा एका बाजूनं घसरत खाली आला आणि लेकीच्या खांद्यावर येऊन थांबला.

"ताईला ठाऊक होतं?"

"नाही. सांगायला गेले होते. राहून गेलं."

मावशी एक पायरी खाली आली. तिचा चेहरा आता पडद्याच्या बाहेर होता, अगदी जवळ. त्यात आईची हनुवटी होती.

"कशी आहे?" तिनं हळू विचारलं. "मऊ आहे ना तुझी? मऊ आहे ना गं?"

"डावीकडची मऊ आहे. उजवीकडच्यात काहीतरी लागतं बोटाला. वाटाण्याएवढं. काही नसेलही. बहुतेकींना काही नसतं म्हणाल्या त्या." लेकीचा आवाज इथपर्यंत नीट आला होता. पुढचं बोलताना तिला आपलाच आवाज परका वाटला, कारण या घरात तिनं आजवर कुणाकडे काही मागितलं नव्हतं. "डॉक्टरांच्या दारापर्यंत मी जाऊन आलेय. आत जाववलं नाही, परत आले. मला एकटीला भीती वाटते, मावशी. आई नाहीये आता. तू चल ना माझ्याबरोबर. आपण दोघी दाखवू."